४० मशीन, १८७ सेकंद : व्हॉल्यूमवरून बूट करण्याचं एक प्रकरण

सोमवारी सकाळी दहाच्या प्रॅक्टिकलला ४० विद्यार्थ्यांनी जवळपास एकाच वेळी आपापलं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरनं उभा केलेला संगणक, मागितलं. दोन मशीन उभी राहिली. बाकीच्यांच्या स्क्रीनवर तीन मिनिटं चक्र फिरत राहिलं आणि मग लाल अक्षरांत 'एरर' आला. त्यावर क्लिक केलं की निरोप दिसायचा, त्याचा अर्थ असा : व्हॉल्यूम (मशीनला जोडायची वेगळी डिस्क) तयार होण्याची १८७ सेकंद, ६१ वेळा विचारून, वाट पाहिली, तरी तो तयार झाला नाही, त्याची सध्याची स्थिती 'डाउनलोडिंग'.

आदल्या शुक्रवारी संध्याकाळी हेच मशीन, ह्याच इमेजवरून, म्हणजे डिस्कच्या तयार साच्यावरून, मी स्वतः उभं करून पाहिलं होतं. अडीच मिनिटं लागली, मशीन सुरू झालं, लॉगिन झालं. त्या अडीच मिनिटांकडे मी नीट पाहिलं असतं, तर सोमवार वाया गेला नसता.

आमची प्रयोगशाळा अभियांत्रिकी महाविद्यालयातली. ओपनस्टॅक ह्या क्लाउड चालवण्याच्या सॉफ्टवेअरवरचं छोटं खासगी क्लाउड आहे : कारभार पाहणारा एक कंट्रोलर, मशीन चालवणारे सहा कम्प्यूट नोड (सर्व्हर) आणि सेफ ह्या साठवण-यंत्रणेचे तीन स्टोरेज नोड. कम्प्यूट आणि सेफ यांच्यात १० गिगाबिटचं नेटवर्क आहे. कंट्रोलर जुना, त्याला १ गिगाबिटचंच कार्ड. क्लाउडमधली प्रत्यक्ष वाहतूक कंट्रोलरवरून जात नाही, त्याचं काम फक्त निरोप पोचवण्याचं, असं आम्ही धरून चाललो होतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं.

मुळात व्हॉल्यूमवरून बूट करण्याकडे आम्ही वळलो ते एका नुकसानीमुळे. नोव्हाला, म्हणजे ओपनस्टॅकच्या मशीन चालवणाऱ्या भागाला, साधं सांगितलं की 'ह्या इमेजवरून मशीन कर', तर मशीनची मूळ डिस्क ती ज्या कम्प्यूट नोडवर चालणार त्याच नोडच्या स्थानिक डिस्कवर बनते. पटकन बनते, वेगानं चालते, आणि नोड गेला की त्याच्याबरोबर जाते. आदल्या वर्षी एका नोडची डिस्क गेली तेव्हा शेवटच्या वर्षाच्या मुलांची प्रोजेक्टची मशीन त्यावर होती. आम्ही 'इव्हॅक्युएट' केलं, म्हणजे मेलेल्या नोडवरची मशीन दुसऱ्या नोडवर उभी करायला नोव्हाला सांगितलं. नोव्हानं ती केली. नाव तेच, आयपी तोच, पण डिस्क मूळ इमेजवरून नव्यानं बनलेली. आत मुलांचं काहीच नव्हतं. एक मुलगी दोन दिवस तिच्या लॅपटॉपवर जुन्या फायली शोधत बसली होती, ते मी विसरलेले नाही.

व्हॉल्यूमवरून बूट केलं की मशीन आणि डिस्क यांची आयुष्यं वेगळी होतात. डिस्क सिंडरकडे, म्हणजे व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या भागाकडे, एक स्वतंत्र वस्तू म्हणून राहते, मशीन तिला जोडलेलं असतं. नोड मेला तर दुसऱ्या नोडवर तोच व्हॉल्यूम जोडून मशीन पुन्हा सुरू होतं; वीज जाऊन परत आल्यासारखं. ही कल्पना ओपनस्टॅकचीच आहे असं नाही. ॲमेझॉनची ईसी२ सेवा २००६ साली आली तेव्हा मशीनची मूळ डिस्क यजमान सर्व्हरवरच असायची. वेगळे टिकाऊ व्हॉल्यूम २००८ मध्ये आले आणि त्यांच्यावरून बूट करण्याची सोय डिसेंबर २००९ मध्ये. ओपनस्टॅकमध्ये व्हॉल्यूम सांभाळण्याचं काम आधी नोव्हाच्याच पोटात होतं. २०१२ च्या फॉल्सम आवृत्तीत ते सिंडर नावानं वेगळं झालं.

जाणकार इथे विचारतील, की नोव्हाची स्थानिक डिस्कच सेफवर ठेवता येते, मग सिंडर कशाला? ठेवता येते, आणि नोड मेल्यावर ती वाचतेही. पण ती मशीनबरोबर जन्मते आणि मशीनबरोबरच पुसली जाते. विद्यार्थी चुकून मशीन डिलीट करतात. आम्हाला तेव्हाही डिस्क मागे राहायला हवी होती.

आता सोमवारकडे. एरर आला की माणूस काय करतो? पुन्हा बटण दाबतो. चाळीस मुलांनी पुन्हा दाबलं. काहींनी तिसऱ्यांदा. "मॅडम, आता तर एररसुद्धा लगेच येतोय," असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. तो एरर वेगळा होता : व्हॉल्यूमचा कोटा संपला. वर्गाच्या खात्यात (ओपनस्टॅक त्यालाही 'प्रोजेक्ट' म्हणतं) चालू मशीन दोन, आणि कोटा भरलेला. अर्ध्या तासानं तर होरायझनचं, म्हणजे ओपनस्टॅक वापरायच्या वेबसाइटचं, पानच उघडेना. कंट्रोलरवर जाऊन पाहिलं तर डिस्कच्या '/var' विभागात एक बाइटही शिल्लक नव्हता. त्याच विभागावर डेटाबेस होता आणि ओपनस्टॅकच्या भागांमध्ये निरोप पोचवणारा रॅबिटएमक्यूही. रॅबिटएमक्यू डिस्कवरची मोकळी जागा ठरावीक मर्यादेखाली गेली की नवे निरोप घेणंच थांबवतो. निरोप थांबले म्हणजे ओपनस्टॅक थांबलं.

जी मशीन आधीपासून चालू होती त्यांना मात्र काही कळलंही नाही. कम्प्यूट नोडवरचं मशीन सेफशी थेट बोलतं. मध्ये कंट्रोलर नसतो. ही रचना मला फार आवडते, आणि त्या दिवशी तिनं इतर वर्गांची कामं वाचवली.

ओपनस्टॅकचा प्रत्येक भाग त्या दिवशी त्याला सांगितलं होतं तेच करत होता, आणि ह्या प्रकरणाचा गाभा तिथेच आहे.

मशीन मागताना 'नवा व्हॉल्यूम बनव' असं सांगितलं की नोव्हा सिंडरला म्हणतो, ह्या इमेजवरून २० जीबीचा व्हॉल्यूम दे. मग तो दर ३ सेकंदांनी विचारतो, झाला का? असं ६० वेळा पुन्हा विचारायचं, हा मूळ नियम. पहिली वेळ धरून ६१. तीन-तीन सेकंदांची वाट आणि विचारण्यात जाणारा थोडा वेळ मिळून १८७ सेकंद होतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर नोव्हा मशीन सोडून देतो. पण नोव्हानं सोडलं म्हणून सिंडर थांबत नाही. त्याचं काम चालूच राहतं, आणि थोड्या वेळानं कुणाच्याच मालकीचा नसलेला एक व्हॉल्यूम तयार होऊन पडतो. तोच कोटा खातो.

सिंडर एवढा वेळ काय करत होता? आमची इमेज ग्लान्समध्ये, म्हणजे इमेज ठेवणाऱ्या भागात, क्यूकाऊ२ फॉरमॅटमध्ये होती. फाइल ४ जीबीची, आत दिसणारी डिस्क २० जीबीची, त्यातला प्रत्यक्ष भरलेला डेटा साधारण ९ जीबी. क्यूकाऊ२ हा आटोपशीर फॉरमॅट आहे, रिकामी जागा तो साठवत नाही आणि आमची फाइल तर दाबूनही ठेवलेली होती. पण सेफचा ब्लॉक व्हॉल्यूम म्हणजे कच्च्या बाइटांची रांग. सेफवरच्या डिस्कवरून मशीन बूट करायचं तर ती डिस्क रॉ, म्हणजे अशी कच्चीच, असावी लागते. म्हणून सिंडरला प्रत्येक व्हॉल्यूमसाठी हा फेरा करावा लागत होता : ग्लान्सकडून ४ जीबी खाली घे (ग्लान्स ते सेफमधूनच आणतो), कंट्रोलरच्या डिस्कवर ठेव, उलगडून रॉ कर, तेही त्याच डिस्कवर ठेव, आणि मग ९ जीबी परत सेफमध्ये भर.

१ गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी जातात. एका मशीनसाठी ४ जीबी यायला अर्धा मिनिट, ९ जीबी जायला सव्वा मिनिट, मध्ये उलगडण्याचा वेळ. हीच शुक्रवारची अडीच मिनिटं. चाळिसांसाठी नुसते खाली घ्यायचे १६० जीबी, म्हणजे एकवीस मिनिटांच्या वर. परत भरायचे ३६० जीबी, म्हणजे ४८ मिनिटं. मुदत तीन मिनिटांची. त्यातून जे दोघं वर्गात आधी येऊन बसले होते आणि ज्यांनी सगळ्यांच्या आधी बटण दाबलं, त्यांनाच मशीन मिळालं. कंट्रोलरच्या डिस्कवर प्रत्येक व्हॉल्यूमसाठी ४ आणि ९ मिळून १३ जीबी लागत होते. ती डिस्क का भरली हे वेगळं सांगायला नको.

सर्वांत वाईट वाटतं ते ह्याचं, की डेटा सेफमधून निघून पुन्हा सेफमध्येच जात होता. इमेज तिथेच, व्हॉल्यूमही तिथेच. जुना कंट्रोलर मधल्या मध्ये ओझं वाहत होता.

सेफमध्ये ह्यावर मुळातच उपाय आहे. इमेज रॉ असेल, तर तिच्या स्नॅपशॉटवरून (त्या क्षणीच्या गोठवलेल्या स्थितीवरून) सेफ नवा व्हॉल्यूम 'क्लोन' करतो. काहीही कॉपी होत नाही. नव्या व्हॉल्यूमला फक्त एवढं ठाऊक असतं, की माझ्याकडे जो तुकडा नाही तो माझ्या पालकाकडून वाच. सेफ व्हॉल्यूमचे ४ एमबीचे तुकडे करून ठेवतो. मशीननं एखाद्या तुकड्यात पहिल्यांदा काही लिहिलं की तेवढा तुकडा पालकाकडून उचलून स्वतःकडे घेतला जातो. त्यामुळे व्हॉल्यूम सेकंदात बनतो, आणि चाळीस मशीन मिळून सुरुवातीला जवळजवळ काहीच जागा खात नाहीत.

मग सिंडरनं हे आपणहून का केलं नाही? तो करू पाहतो. व्हॉल्यूम बनवताना आधी तो तपासतो की क्लोन जमेल का. इमेज रॉ नसेल तर नाही म्हणतो आणि गुपचूप लांबच्या रस्त्यानं जातो. ते 'नाही' लॉगमध्ये लिहिलं जातं, पण डीबग, म्हणजे दोष शोधण्यापुरत्या, पातळीवर, आणि कामाच्या यंत्रणेत डीबग कुणी चालू ठेवत नाही. माझं स्पष्ट मत आहे, की हा निरोप इशारा म्हणून यायला हवा. पन्नास पट मंद रस्ता धरणारी यंत्रणा ते ठळकपणे सांगत नाही, तेव्हा चूक चालवणाऱ्याच्या नजरेला येतच नाही.

त्या दिवशीचं काम थोडक्यात : सिंडरची व्हॉल्यूम सेवा थांबवली, तात्पुरत्या फायली काढून जागा केली, रॅबिटएमक्यू आणि डेटाबेस जागेवर आल्याची खात्री केली, सेवा पुन्हा सुरू केली. सुरू होताना सिंडर 'डाउनलोडिंग'मध्ये अडकलेले व्हॉल्यूम एररमध्ये टाकतो, मग ते डिलीट करता येतात. वर्ग तोपर्यंत संपला होता.

दुरुस्ती मंगळवारी. क्यूईएमयूच्या इमेज साधनानं क्यूकाऊ२ची रॉ केली आणि नवी इमेज म्हणून ग्लान्समध्ये चढवली. मोठ्या आशेनं एक मशीन मागितलं. पुन्हा तशीच लांब वाट! उलगडणं वाचलं होतं, पण वाहतूक चालूच होती. इथे दोन गोष्टी सापडल्या, आणि दोन्ही आमच्याच जुन्या मांडणीतल्या. एक, ग्लान्समध्ये 'शो_इमेज_डायरेक्ट_यूआरएल' हा पर्याय बंद होता, त्यामुळे इमेज सेफमध्ये नेमकी कुठे आहे हे सिंडरला कळतच नव्हतं. दोन, सिंडर सेफशी ज्या नावानं बोलतो त्या नावाला इमेजच्या पूलवर (सेफमधल्या इमेजच्या कप्प्यावर) वाचण्याची परवानगी नव्हती. फक्त व्हॉल्यूमच्या पूलवर होती. पत्ता माहीत नाही आणि दारही बंद. दोन्ही सुधारल्यावर व्हॉल्यूम दोन-तीन सेकंदांत बनू लागला. त्या पत्त्याच्या पर्यायाबद्दल एक सावधगिरी : तो उघडला की इमेजचा आतला पत्ता एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅमनी बोलायच्या दारातून, दिसतो. बाहेरच्या लोकांना ग्लान्सचा एपीआय मोकळा असेल तर आधी त्याचा विचार करावा.

सहकाऱ्यांपैकी एकांचं म्हणणं होतं, की नोव्हाची मुदतच वाढवू, ६०च्या जागी ६०० करू. त्यानं काहींचे एरर गेले असते. मुलांनी अर्धा तास वाट पाहिली असती, कंट्रोलरची डिस्क तरीही भरली असती आणि खरं कारण आणखी एक सत्र झाकलेलं राहिलं असतं. सेफ करतो तसा क्लोन ज्यांचा स्टोरेज करू शकत नाही त्यांना मुदत थोडी वाढवावी लागते, आणि सिंडरची इमेज-कॅशही (एकदा उलगडलेली इमेज जपून ठेवणारी सोय) वापरता येते. आमच्या बाबतीत दोन्हींची गरज नव्हती.

रॉ इमेज जागा जास्त खाते, ही तक्रार नेहमी येते. ४ जीबीच्या जागी २० जीबी, आणि सेफ प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवतो म्हणून १२च्या जागी ६०. पण दुसऱ्या बाजूला चाळीस पूर्ण प्रती होत्या : ९ जीबी, गुणिले तीन, गुणिले चाळीस, म्हणजे १०८० जीबी. ४८ जीबी जादा देऊन हजार वाचले, कोणत्याही घरखर्चात हा व्यवहार लगेच मान्य होईल.

क्लोनचे स्वतःचे काही नियम आहेत आणि ते आम्ही पुढच्या महिन्यात शिकलो. पहिला, ज्या इमेजवर क्लोन उभे आहेत ती काढता येत नाही. जुन्या सत्राची इमेज डिलीट करायला गेलो तर 'वापरात आहे' असं उत्तर आलं. सेफला विचारून तिची अपत्यं पाहिली तर प्रोजेक्टचे सात व्हॉल्यूम. त्यांना 'फ्लॅटन' केलं, म्हणजे पालकाकडचे उरलेले तुकडे त्यांच्यात उतरवून त्यांना स्वतंत्र केलं, मग इमेज गेली.

दुसरा नियम जास्त फसवा आहे. एका मुलाचं मशीन बूट होईना. मूळ डिस्क चालू मशीनपासून सोडवता येत नाही, म्हणून आम्ही डिस्क मागे ठेवून मशीन डिलीट केलं आणि ती डिस्क दुसऱ्या, धडधाकट मशीनला जोडली, आत जाऊन दुरुस्त करू म्हणून. दुरुस्त करून ते मशीन रीस्टार्ट केलं आणि आत गेलो तर आपण नक्की कुणाच्या घरात आहोत तेच कळेना. दोन्ही डिस्क एकाच इमेजच्या क्लोन, म्हणून फाइल सिस्टिमची ओळख, लेबल आणि यूयूआयडी (ओळख-क्रमांक), दोन्हीकडे तंतोतंत तेच. कर्नलला, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, सांगितलेलं असतं की अमुक ओळखीची डिस्क मूळ म्हणून घे. त्याला दोन सापडल्या आणि त्यानं आजारी उचलली. आता दुरुस्तीसाठी आम्ही वेगळ्याच लिनक्स वितरणाच्या इमेजवरचं एक मशीन राखून ठेवलं आहे. व्हॉल्यूमवरच्या मशीनसाठी रेस्क्यूची (बिघडलेलं मशीन दुसऱ्या डिस्कवरून उठवून दुरुस्त करण्याची) सोय २०२०च्या उस्सुरी आवृत्तीपासून नोव्हातच आहे; तुमची आवृत्ती नवी असेल तर तीच वापरा.

आणि स्नॅपशॉट. व्हॉल्यूमवरच्या मशीनचा स्नॅपशॉट घेतला की ग्लान्समध्ये एक इमेज दिसते, आकार शून्य बाइट. पहिल्यांदा पाहून मी घाबरले होते. ती इमेज म्हणजे नुसती चिठ्ठी असते; खरा डेटा सिंडरच्या स्नॅपशॉटमध्ये. चिठ्ठी फाडली तरी स्नॅपशॉट मागे उरतो आणि जागा अडवतो. स्नॅपशॉट काढला तर चिठ्ठी काहीच कामाची राहत नाही. हे मुलांना आम्ही आता पहिल्याच तासाला दाखवतो, प्रत्यक्ष दोन्ही याद्या शेजारी उघडून.

मशीन डिलीट झाल्यावर व्हॉल्यूमचं काय करायचं, हा निर्णय मात्र तांत्रिक नाही. होरायझनमध्ये तो पर्याय मुळात 'नको, ठेव' असा असतो. प्रोजेक्टसाठी ते योग्यच. प्रॅक्टिकलसाठी मात्र दर आठवड्याला चाळीस बेवारस व्हॉल्यूम साचतात, आणि ओपनस्टॅकचा मूळ कोटा एका खात्यामागे १० व्हॉल्यूम आणि १००० जीबी इतकाच असतो. आम्ही तो वाढवला होता तरी भरला. म्हणून आता प्रॅक्टिकलची मशीन स्क्रिप्टनं उभी होतात आणि त्यात 'मशीनबरोबर डिस्कही जाऊ दे' असं लिहिलेलं आहे. प्रोजेक्टची मशीन विद्यार्थी होरायझनमधून करतात, आणि तिथे डिस्क राहते. बेवारस व्हॉल्यूम आपोआप पुसणारी स्क्रिप्ट लिहिण्याचा आग्रह झाला होता. मी नकार दिला. कुणालाही न जोडलेला व्हॉल्यूम हा नुकत्याच चुकून डिलीट झालेल्या मशीनचा शेवटचा अवशेषही असू शकतो. यादी काढून मुलांना विचारतो, उत्तर आलं की पुसतो.

पावसाळ्यात एका कम्प्यूट नोडचा पॉवर सप्लाय जळाला. त्यावर प्रोजेक्टची अकरा मशीन होती. इव्हॅक्युएट करण्याआधी नोड खरोखर बंद आहे ना हे जाऊन, वायर काढून पाहिलं, कारण तो अर्धवट जिवंत असता आणि तेच मशीन दोन ठिकाणी एकाच व्हॉल्यूमवर लिहू लागलं असतं, तर फाइल सिस्टिमची वाट लागली असती. मग आज्ञा दिली. अकराही मशीन दुसऱ्या नोडवर उठली, फाइल सिस्टिमनं आपलं जर्नल (बदलांची नोंदवही) वाचून स्वतःला सावरलं, आणि मुलांचा डेटा होता तिथे होता. एका मुलाला तर मशीन हललं हे आम्ही सांगेपर्यंत कळलं नव्हतं. त्याला फक्त रीबूट झाल्यासारखं वाटलं.

राहिलेली काळजी सेफचीच. आता सगळ्यांच्या डिस्क एकाच ठिकाणी आहेत. तीन प्रती डिस्क बिघडण्यापासून वाचवतात, चुकीच्या आज्ञेपासून नाही; पुसलेला व्हॉल्यूम तिन्ही ठिकाणांहून पुसला जातो. म्हणून प्रोजेक्टच्या व्हॉल्यूमचा बॅकअप रात्री सिंडरच्याच बॅकअप सेवेनं दुसऱ्या इमारतीतल्या एका साध्या एनएफएस सर्व्हरवर (नेटवर्कवरून फायली ठेवायच्या सर्व्हरवर) जातो. मागच्या शनिवारी त्यातला एक व्हॉल्यूम परत उतरवून त्यावरून मशीन बूट केलं. झालं. बाकी दहा अजून तपासायचे आहेत.